धुक्यावरची एक ओळ

मंगळवार, २ डिसेंबर

कुईंऽऽ.

ओल्या काचेवरून बोट ओढलं की होतो तो आवाज. आज सकाळी तो खालच्या गॅरेजमधून आला आणि मी हातातल्या कपासकट जिन्यातच थबकलो. जिना गेला, कप गेला, मी थेट शाळेत. थंडीच्या दिवसांत आमच्या वर्गाच्या खिडक्या पोरांच्या श्वासांनी धुरकट होत. कवितेचे मास्तर टेबलावर बोटांनी ताल धरून ओळी घोकून घेत आणि मी शेवटच्या बाकावरून काचेवर माझी स्वतःची कविता लिहीत असे. पहिली ओळ अजून तोंडपाठ आहे:

नको रे धुक्या तू पुसू नाव माझे

भुजंगप्रयात. दुसरी ओळ सुचायच्या आत मास्तर पाठीमागे येऊन उभे राहिले. त्यांनी ओळ वाचली, बोटांवर गण मोजले, वृत्त चोख आहे म्हणाले आणि मग माझा कान पिरगाळला. दुसरी ओळ अजून सुचायची आहे. तशी घाई नाही.

खाली जाऊन पाहिलं तर सूनबाई एका पारदर्शक चकतीवर बोट ओढत होती. चकती धुरकटलेली, सूनबाई हिरमुसलेली.

गुरुवार, ४ डिसेंबर

गॅरेजमध्ये काय चालतं ते ताईला फोनवर समजावता समजावता मला घाम फुटला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिला कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागते, आणि तिसऱ्यांदा ती आपल्यालाच सांगते. म्हणून इथे नीट मांडून ठेवतो.

आगीच्या बंबावरचे लोक तोंडावर मुखवटा घालतात. त्याच्या पुढची काच (म्हणायला काच, असतं प्लॅस्टिक) आतल्या श्वासानं धुरकटते. बाहेर धूर, आत धुकं, बिचाऱ्यानं बघायचं कुठून? सूनबाईनं एक इवलीशी साखळी शोधून काढली आहे. तिला पेप्टाइड म्हणतात. तिचं एक टोक काचेला बिलगतं, दुसऱ्याला पाण्याची ओढ. त्यामुळे श्वासाच्या वाफेचे थेंब टपोरे उभे न राहता पसरून जातात, पाण्याचा पातळ पापुद्रा होतो आणि आरपार दिसतं.

ही साखळी कोण घडवतं? जीवाणू. इथे दाढी येतो. दाढी हा सूनबाईचा कॉलेजातला मित्र आणि या उद्योगातला भागीदार. पूर्वी पावाच्या कारखान्यात यीस्ट वाढवायचा. जीवाणूंना तो ‘मंडळी’ म्हणतो. साखळी कशी ओवायची त्याचा पाठ मंडळींच्या पोटात घालून ठेवला आहे. मग त्यांना चंबूत खाऊपिऊ घालायचं, उबेत गदागदा हलवत ठेवायचं, की ती तोच पाठ पुन्हा पुन्हा गिरवतात. शेवटी त्यांना फोडून साखळी गाळून घ्यायची. फोडण्याची गोष्ट मी मनाला लावून घेत नाही. पाठांतराची मात्र फार आवडली. अगदी आमचा वर्ग. अर्थ कोणालाच कळत नसे, पण म्हणायचो खणखणीत.

आणखी एक गंमत. सूनबाई तपासणीसाठी दुसरी एक साखळी करते: कड्या त्याच, क्रम विस्कटलेला. ती काचेला चिकटत नाही. मी म्हटलं, अगं, हे तर आम्हाला मास्तरांनीच शिकवलं होतं. तेच शब्द मागेपुढे केले की कविता सुटून हातात येते. ती हसली. फार दिवसांनी हसली.

बंबाच्या केंद्राचे साहेब (मी त्यांना बंबसाहेब म्हणतो) या महिन्यात मुखवटा पाहणार आहेत. त्यांना पसंत पडला तर मुखवटे बनवणारी कंपनी साखळी घ्यायला तयार आहे. नाही पडला तर सूनबाई लांबच्या शहरातली नोकरी पत्करणार. तिकडचं बोलावणं येऊन पडलंच आहे. मग गॅरेजमध्ये पुन्हा गाडी. चिरंजीव जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. म्हणजे घरात मी एकटा. सूनबाई म्हणते तुम्हीही चला. मी म्हटलं, माझी काळजी करू नकोस, मला एकटेपणाची छान सवय आहे, निवांत वाचन होईल.

आज बराच वेळ वाचत बसलो होतो. पुस्तक उलटं होतं.

शनिवार, ६ डिसेंबर

आपणही काहीतरी हातभार लावावा असं फार दिवस मनात होतं. आज मार्ग सापडला.

सूनबाई संध्याकाळी चकत्या (मुखवट्याच्या काचेचेच गोल तुकडे, पारखायला कापलेले) धुऊन जाळीवर वाळत ठेवते आणि सकाळी नवाला त्या साखळीच्या पाण्यात बुडवते. मी सहाला उठतो. आज खाली डोकावलो तर चकत्यांवर पाण्याचे पुसट डाग. शाळेत फळा पुसायची पाळी माझी असायची. मास्तर वर्गात यायच्या आत फळा असा काळाभोर करून ठेवायचो, की ते खडू उचलताना क्षणभर थांबत. तेच मनात आलं. खिशातून रुमाल काढला, एकेका चकतीवर ‘हाऽ’ केलं आणि मायेनं पुसलं. कशा लखलखल्या. जागच्या जागी ठेवल्या आणि वर येऊन चहा ठेवला.

कोणाला सांगणार नाही. फळा कोणी पुसला हे मास्तरांनीही कधी विचारलं नव्हतं.

मंगळवार, ९ डिसेंबर

पुन्हा तेच. किटलीच्या वाफेवर धरली की चकती धुरकटते. मागच्या आठवड्यात निम्म्याशिम्म्या तरी बऱ्या निघत होत्या, आता एकही नाही. दाढीनं मंडळींची उलटतपासणी केली, त्यांचा काही दोष नाही म्हणाला. साखळीही पुरेशी उतरली आहे. मग अडतंय कुठे?

मी सकाळची पुसपास आणखी मन लावून करतो आहे. निदान त्या बाजूनं तरी उणं राहायला नको.

दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. चष्मा रुमालानं कितीही पुसला तरी मला सगळं जग दुलईतून पाहिल्यासारखं दिसतं. तो म्हणतो, आजोबा, डोळे ठणठणीत आहेत. हल्लीच्या डॉक्टरांना काही कळत नाही.

गुरुवार, ११ डिसेंबर

मला वाटतं मंडळी कंटाळली असावीत. दिवसभर नुसतं गदागदा हलायचं आणि अर्थ न कळणारा पाठ गिरवायचा. आज हलवणीच्या यंत्रापाशी स्टूल ओढून बसलो आणि शाळेतल्या कविता म्हटल्या. यंत्राची लय अशी बसते, की तबलजीची गरज नाही. दाढी दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, मंडळींना कान नाहीत, आजोबा. मी म्हटलं, आमच्या वर्गालाही नव्हते.

सूनबाईनं आज रागावून माझ्या उशीचा अभ्रा धुवायला काढला. डोक्याचं तेल कमी लावा म्हणते. अभ्र्यावर, खुर्चीच्या पाठीवर, जिथे टेकाल तिथे गोल डाग. आता तेलाशिवाय डोकं कसं चालायचं? आमच्या पिढीचा कारभारच तेलावर. मी खिशातल्या रुमालानं डोकं टिपून दाखवलं, म्हटलं, हे बघ, झालं कमी.

शुक्रवार, १२ डिसेंबर

ताईनं बोलावलं आहे. तिचा गुडघा बिघडला. म्हणजे चार दिवस तिची बोलणी खायची. सूनबाई म्हणाली, जाऊन या, बाबा, तुम्हालाही बदल. सकाळची पुसपास राहणार याची मात्र रुखरुख आहे.

बुधवार, १७ डिसेंबर

परत आलो. ताईचा गुडघा बरा आहे. मुळात बिघडलाच नव्हता, तिला पत्ते खेळायला कोणीतरी हवं होतं.

इकडे मात्र मोठी बातमी. मी नसताना चकत्या एकामागून एक उत्तम निघाल्या. वाफ धरा, धुवा, पुन्हा वाफ धरा, आरपार स्वच्छ. सूनबाई दारातच मला घट्ट बिलगली. दाढीनं तिची नक्कल करत मलाही मिठी मारली. दाढी फार टोचते.

मला आनंद झाला. खरंच झाला. पण बॅग उघडताना एक लहानसं शल्य टोचलं. कविता नव्हत्या, पुसपास नव्हती, आणि तरी मंडळींनी पहिला नंबर काढला. वर्गही असाच, मास्तर गावाला गेले की पोरं शहाणी. आपल्यावाचून जगाचं अडत नाही हे चांगलंच आहे म्हणा. ते एखाद्यानं तोंडावर सांगू नये, इतकंच.

उद्यापासून पुन्हा जोमानं लागतो.

शुक्रवार, १९ डिसेंबर

पुन्हा धुकं. काल नाही, आज नाही, एकही चकती नाही.

सूनबाई गॅरेजच्या पायरीवर बसून होती. पाण्यात काही बदललं का, हवेत दमटपणा वाढला का, साबण वेगळा आला का, सगळं तपासून झालं. दाढी सहज म्हणाला, आजोबांच्या कवितांनी मंडळींना झोप येत असेल. थट्टाच होती, पण मी कविता बंद केल्या. जीवाणू असले म्हणून काय झालं, कोणाच्या डोक्यावर बसू नये.

पुसपास चालू ठेवली आहे. त्यानं कोणाची झोप मोडत नाही.

मंगळवार, २३ डिसेंबर, दुपार

आज मुखवटे दाखवायचे. काल सकाळी त्यांच्या काचा बुडवायच्या होत्या. दोन मुखवटे: एक बंबसाहेबांसाठी आणि एक वेळ पडली तर. पहाटे परीक्षेला निघाल्यासारखा खाली उतरलो. पहिल्या काचेला आतून बाहेरून असं चकाकवलं, की मलाच तिच्यात माझं नाक दिसलं. दुसरी हातात घेतली आणि ताईचा फोन. गुडघ्याचा दुसरा अध्याय. ती थांबेपर्यंत दाढी येऊन ठेपला. दुसरी काच तशीच डागाळलेली राहिली. फार वाईट वाटलं.

आज सकाळी काचा पाण्यातून काढून मुखवट्यांत बसवल्या, वाफेवर धरून बघायला वेळ उरला नाही. निघताना सूनबाईनं कोणता मुखवटा आधी दाखवू म्हणून विचारलं. मी डोळे मिचकावून चकाकवलेल्याकडे बोट केलं. म्हटलं, हा. माझं मन सांगतंय. ती म्हणाली, बाबा, तुमचं मन म्हणतंय तर हाच.

दोघं गेले आहेत. मी दोनदा भात लावला आणि दोनदा उतरवला.

त्याच दिवशी, संध्याकाळ

बंबसाहेबांनी मुखवटा चढवला, केंद्राच्या आवारात एक चक्कर मारली आणि सायकलींच्या रांगेवर जाऊन आदळले. काच पांढरीफटक. माणूस भला. मुखवटा काढून म्हणाले, बाई, तुमची मेहनत दिसते, पण मला बाकी काही दिसत नाही. सूनबाई दुसरा दाखवणार तेवढ्यात भोंगा वाजला आणि केंद्र रिकामं झालं. दुसरा मुखवटा तिथेच खुंटीवर राहिला.

घरी येऊन ती गॅरेजच्या पायरीवर बसली. दाढीनं यंत्र बंद केलं. ते थांबल्यावर गॅरेज केवढं मोठं आहे ते कळलं. मग ती म्हणाली, शनिवारी त्यांना फोन करते, नोकरी घेते म्हणून.

मला राहवलं नाही. तिच्या शेजारी पायरीवर बसलो आणि समजूत घातली, की दुसरा मुखवटा दाखवला नाही तेच बरं झालं; तो तर याहून वाईट निघाला असता.

“का बरं?” तिनं विचारलं.

“अगं, तो पुसायचा राहिला होता.”

“काय राहिला होता?”

मग मला सगळं सांगावं लागलं. सेवा उघड करताना जरा लाजल्यासारखं झालं, पण तिला धीर येईल असं वाटलं. रोज सकाळी कसा उतरतो, कसं ‘हाऽ’ करतो, सगळं. रुमाल काढून चकतीवर करूनही दाखवलं.

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग रुमाल घेतला, नाकाशी नेला. बल्बच्या उजेडात चकती तिरपी धरली. मलाही दिसलं: तिच्यावर इंद्रधनुष्याच्या रंगाची एक झाक, पाण्यावर तेल सांडल्यावर असते तशी.

“बाबा,” ती अगदी हळू म्हणाली, “ताईआत्यांकडे गेलात तेव्हा रुमाल बरोबर होता ना?”

“म्हणजे काय? रुमालाशिवाय मी जाईन कुठे?”

दाढी जमिनीवर बसला. आधी मला वाटलं त्याला चक्कर आली. पण तो हसत होता, आवाज न करता, पोट धरून. मग सूनबाई हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला माझाच रुमाल घेतला, आणि तो हातात बघून पुन्हा हसली. साखळीला काच हवी होती. मी रोज तिच्यासमोर डोक्याचं तेल पसरून ठेवत होतो. बिलगायचं कोणाला?

मला रडू यायला हवं होतं. पण त्या दोघांना असं हसताना पाहिल्याला इतके दिवस झाले होते, की मीही हसलो. मग मात्र खोलीत येऊन पलंगावर बसलो. तिच्या सबंध महिन्यावर मी रुमाल फिरवला होता.

थोड्या वेळानं ती वर आली. म्हणाली, चष्मा द्या. माझ्या डोळ्यांवरून चष्मा काढून घेऊन गेली. रुमाल जप्त.

बुधवार, २४ डिसेंबर

चष्मा परत मिळाला. माझ्या भिंगांचं प्लॅस्टिक मुखवट्याच्याच जातीचं आहे म्हणे. तिनं तो साबणानं धुतला, रात्रभर साखळीच्या पाण्यात बुडवला, सकाळी निथळवून माझ्या नाकावर ठेवला.

डोळ्यांच्या डॉक्टरची मनातल्या मनात माफी मागितली. समोरच्या झाडाला पानं आहेत. सुटी सुटी. आणि सूनबाईच्या कपाळाशी एक पांढरा केस आहे, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आहेत. हे कधीपासून? रोज समोर बसून चहा पितो आणि मला ती लग्नात होती तशीच दिसत होती.

चहाचा कप तोंडाशी नेला, वाफ वर आली, काचा स्वच्छ. ती समोर बसून बघत होती. म्हणाली, बघा, बिलगली.

पण बंबसाहेब फोनवर ऐकायला तयार नाहीत. सायकलींवर आदळल्यामुळे त्यांची माणसं त्यांना हसताहेत. तुमचा खुंटीवरचा माल परत पाठवतो म्हणाले, पुढच्या हिवाळ्यात बघू. पुढच्या हिवाळ्यापर्यंत कोण थांबतं? कंपनीला महिन्याअखेर उत्तर द्यायचं आहे, नोकरीवाल्यांना शनिवारी.

मी म्हटलं, मी जाऊन त्यांच्या पाया पडतो, चूक माझी आहे. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही कुठेही जायचं नाही. तुम्ही आमच्याच बाजूनं होता. तेल फितूर झालं.”

शुक्रवार, २६ डिसेंबर

सकाळपासून कडाक्याची थंडी. सूनबाई गॅरेजमधल्या वस्तू खोक्यांत भरत होती. दाढी चंबू कागदात गुंडाळत होता, एकेक, लहान मुलाला दुपट्यात गुंडाळावं तसा. मी मदतीला गेलो तर दोघं एकदम म्हणाले, काही पुसू नका.

म्हणून वर आलो. चहा घेतला आणि खिडकीशी उभा राहिलो. काच धुरकटलेली. किती वर्षांनी मला धुकं काचेवर दिसत होतं, चष्म्यावर नाही. कोणी बघत नाही असं पाहून बोट टेकवलं. कुईंऽऽ.

नको रे धुक्या तू पुसू नाव माझे

हात थांबला. त्या दिवशी थांबला होता तसाच. मनाशी कबूल केलं, मला निवांत वाचन नको आहे. मला खालून येणारी ती यंत्राची खडखड हवी आहे. हे शनिवारच्या आत तिला सांगावं की सांगू नये, याचाच विचार करत होतो, तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

चहाचा कप हातात तसाच घेऊन दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरलो. दारात बंबावरचा एक माणूस. पायांत बूट, अंगात जाड कोट, डोक्यावर शिरस्त्राण, तोंडावर मुखवटा. सगळं भिजलेलं, अंगातून वाफा निघताहेत. मी घाबरून आधी आमच्या छपराकडे पाहिलं.

“आग नाहीये, आजोबा,” मुखवट्याच्या आतून आवाज आला. “बाई आहेत का घरात?”

आवाज बंबसाहेबांचा. सूनबाई जिन्यावरून धावत वर आली, मागून दाढी, हातात कागदात गुंडाळलेला चंबू. साहेब उंबऱ्यातच उभे राहून सांगायला लागले. पहाटे कपडे धुण्याच्या कारखान्यात वाफेची मोठी नळी फुटली. यांचा मुखवटा नेमका दुरुस्तीला गेलेला, म्हणून खुंटीवरचा हाताला लागला तो चढवला. आत पांढरी वाफ, हात दिसेना. बाकीच्यांच्या काचा दारातच आंधळ्या झाल्या. हे एकटे सरळ चालत गेले, झडप बंद केली आणि इस्त्रीच्या टेबलाखाली लपलेल्या दोन बायांना हाताला धरून बाहेर आणलं. बाहेर आल्यावर मुखवट्यावर पाण्याचा फवारा मारून घेतला, पुन्हा आत गेले, पुन्हा मारला, पुन्हा गेले. तेव्हा कुठे आठवलं हा कोणाचा आहे ते.

“मग काढला का नाही अजून?” दाढीनं विचारलं.

“कधी धुरकटतो ते बघत होतो,” साहेब म्हणाले. “तिथून इथवर चालत आलो, बाई. पोरं मागे लागली होती माझ्या. धुरकटतच नाही.”

सूनबाईनं जिन्याचा कठडा धरला. मग म्हणाली, “आत या ना. बाबा, चहा टाकता?”

मी कुठला चहा टाकतोय. माझ्या हातातल्या कपाची वाफ माझ्या चष्म्यावरून वर जात होती, त्यांच्या श्वासाची वाफ त्यांच्या काचेमागे फिरत होती, आणि तरी त्या दोन काचांतून आम्ही दोघं एकमेकांना लख्ख दिसत होतो. त्यांच्या पुढच्या दाताची फट, भुवईवरचा सायकलींचा ओरखडा, सगळं. ते माझ्याकडे बघून हसायला लागले आणि मला ती ओळ दिसली. सुचली नाही, दिसली:

तुझ्या आड कोणी पहा हासताहे

यमक जुळत नाही. मास्तर असते तर कान नक्की पिरगाळला असता. पण आधी त्यांनी बोटांवर गण मोजले असते.